अपडेटनंतर फोटो एडिटर अडकतोय? नवा लॅपटॉप घ्यायच्या आधी हे तपासा

[००:००] आजचा विषय

प्रवासात ऐकताना सेटिंगची नावं लिहून घेता येत नाहीत, अशी तक्रार असते. त्यामुळे नेहमीप्रमाणे या भागाचा हा लेखी मजकूर. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत, बाकी सगळं तेच आहे.

विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. शब्द वेगवेगळे, पण प्रश्न एकच: “कालपर्यंत मस्त चालत होतं. रात्री अपडेट झालं आणि आज स्लायडर सरकवला की फोटो चार-पाच सेकंद नुसता बघत बसतो. काय करू?” कोणी लॅपटॉपवर लाइटरूम किंवा फोटोशॉप वापरतं, कोणी डार्कटेबलसारखं मोफत सॉफ्टवेअर, आणि बरेच जण सगळं फोनवरच उरकतात.

यावर आजूबाजूचे लोक जे सांगतात तेही ठरलेलं असतं. “मशीन जुनं झालं, नवीन घे.” नाहीतर “रॅम वाढव.” सांगणाऱ्याचं काही जात नाही. पण लग्नाच्या ऑर्डरींवर किंवा प्रॉडक्ट फोटोंवर महिना काढणाऱ्या माणसासाठी नवा लॅपटॉप म्हणजे वर्षभराचा हप्ता डोक्यावर.

माझं म्हणणं साधं आहे. मशीन एका रात्रीत म्हातारं होत नाही. काल आणि आज यांच्यात बदललंय ते सॉफ्टवेअर, तर शोध तिथूनच सुरू करायचा. खर्चाचा विचार सगळ्यात शेवटी.

[०१:५०] एका फोटोला किती जागा लागते?

आधी थोडं गणित, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

समजा तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे. म्हणजे फोटो ६००० गुणिले ४०००, एकूण २ कोटी ४० लाख ठिपके. मेमरी कार्डावर जेपेग फाइल दिसते ८-१० एमबीची. पण ती घडी घातलेली साडी आहे. एडिटरमध्ये उघडली की ती पूर्ण पसरते. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, प्रत्येक आकड्याला एक बाइट, म्हणजे ७२ एमबी. १६ बिटमध्ये काम करत असाल तर दुप्पट, १४४ एमबी. त्यावर अशाच पूर्ण आकाराच्या पाच लेयर टाकल्या की ७२० एमबी. एका फोटोचे!

डार्कटेबल आतल्या आत प्रत्येक ठिपक्यासाठी चार आकडे, आणि प्रत्येक आकड्याला चार बाइट वापरतं. म्हणजे त्याच २४ मेगापिक्सेल फोटोची एक प्रत ३८४ एमबीची. आणि हिशेब करताना अशा एकाहून जास्त प्रती लागतात.

फोनवाल्यांनीही हे लक्षात घ्या. १२ मेगापिक्सेलचा फोटो उघडल्यावर ३६ एमबी होतो. तोच तुम्ही हौसेने ५० मेगापिक्सेल मोडमध्ये काढला तर १५० एमबी, आणि २०० मेगापिक्सेल मोडमध्ये ६०० एमबी. मग ॲप अडखळलं तर त्याचा सगळाच दोष नाही.

एवढा पसारा दर वेळी नव्याने मांडायला परवडत नाही, म्हणून हे सॉफ्टवेअर तीन युक्त्या वापरतं. एक, छोट्या आकाराच्या तयार प्रती बनवून ठेवणं, ज्यांना आपण प्रिव्ह्यू म्हणतो. दोन, अर्धवट झालेला हिशेब डिस्कवर साठवणं, म्हणजे कॅशे. तीन, जड गणित ग्राफिक्स कार्डाकडे ढकलणं. अपडेटमध्ये नेमक्या या तिन्ही गोष्टींना धक्का लागतो.

[०४:३०] अपडेटमध्ये नक्की काय होतं?

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहिते, त्यामुळे अपडेट बनवणाऱ्यांच्या बाजूने सांगते. नवी आवृत्ती मुद्दाम संथ करायला कोणी बसलेलं नसतं. पण काही गोष्टी ओघाने होतातच.

पहिली गोष्ट, डेटाबेस बदलतो. लाइटरूम क्लासिकमध्ये तुम्ही केलेलं सगळं एडिटिंग मूळ फोटोत लिहिलं जात नाही, ते कॅटलॉग नावाच्या डेटाबेसमध्ये जातं. मोठं अपडेट आलं की हा कॅटलॉग नव्या रचनेत बदलला जातो. जुना तसाच राहतो, नवा शेजारी तयार होतो. म्हणजे डिस्कवरची मोकळी जागा एका फटक्यात कमी होते.

दुसरी गोष्ट, जुना कॅशे निरुपयोगी ठरू शकतो. रंगांचं गणित थोडं जरी बदललं तरी आधी साठवलेला हिशेब चालत नाही, तो पुन्हा करावा लागतो. तुम्ही एक फोटो बघत असता आणि मागे हजारो फोटोंचे प्रिव्ह्यू बनत असतात. दुकान चालू ठेवून आतल्या खोलीत रंगकाम काढल्यासारखं.

तिसरी गोष्ट, ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम नव्याने बनवावे लागतात. कार्डाला समजेल अशा भाषेत ते तुमच्याच मशीनवर तयार होतात आणि साठवले जातात. सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर बदलला की हे काम परत. त्यामुळे अपडेटनंतर प्रत्येक टूल पहिल्यांदा वापरताना थोडं अडकणं नैसर्गिक आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ते सुटतं की नाही, हे बघायचं.

चौथी गोष्ट, जुना ड्रायव्हर. नव्या आवृत्तीला कार्डाकडून काही नवीन सोयी हव्या असतात. ड्रायव्हर दोन वर्षं जुना असेल तर सॉफ्टवेअर गुपचूप कार्ड वापरणं सोडून देतं आणि सगळं ओझं प्रोसेसरवर टाकतं. स्क्रीनवर कुठलाही एरर येत नाही. फक्त सगळं हळू होतं.

पाचवी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. विंडोजमध्ये ‘हे ॲप चांगल्या ग्राफिक्स कार्डावर चालव’ असं प्रत्येक ॲपसाठी ठरवता येतं. पण विंडोज ते लक्षात ठेवतं ॲपच्या फाइलच्या पत्त्यावरून. काही सॉफ्टवेअर प्रत्येक मोठ्या आवृत्तीसाठी नवं फोल्डर बनवतात. पत्ता बदलला, की तुमची जुनी सेटिंग जुन्या पत्त्यावरच पडून राहते. माणूस घर बदलून गेला आणि पत्रं जुन्याच घरी येतायत, असा प्रकार.

सहावी गोष्ट, नवी फीचर्स. लाइटरूममध्ये २०२१ मध्ये विषय आणि आकाश आपोआप निवडणारे मास्क आले, २०२३ मध्ये एआय डिनॉइज आलं. ही टूल भारी आहेत, पण त्यांचं गणित जुन्या स्लायडरच्या कैक पट जड आहे. अपडेट झाल्यावर आपण हौसेने प्रत्येक फोटोवर चार-चार मास्क लावतो आणि म्हणतो सॉफ्टवेअर स्लो झालं. तर आधी स्वतःला विचारा: तेच काम हळू झालंय, की आपण जास्त काम सांगतोय?

[०८:१०] आधी मोजा, मग हात लावा

ऑफिसमध्ये आमच्याकडे कोणी “सिस्टीम स्लो आहे” एवढंच सांगितलं तर त्यावर काम सुरूच होत नाही. कुठे, किती, केव्हापासून, हे लागतं. घरीही तेच करा. सोपं आहे.

एक फोटो ठरवा. तीन कामं ठरवा: पुढचा फोटो उघडणं, एक्स्पोजरचा स्लायडर सरकवणं आणि २० फोटो एक्स्पोर्ट करणं. फोनचं स्टॉपवॉच लावा आणि तीन आकडे कागदावर लिहा. नंतर एकेक बदल करा आणि दर वेळी तीच तीन कामं मोजा. एका वेळी एकच बदल. यूट्यूबवर बघून दहा सेटिंग एकदम बदलल्या तर फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नाही, आणि बिघडलं तर परत कसं यायचं तेही कळत नाही.

मोजताना शेजारी टास्क मॅनेजर उघडा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, मग परफॉर्मन्स टॅब. मॅक असेल तर ॲक्टिव्हिटी मॉनिटर. तिथे चार गोष्टी बघायच्या: प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ग्राफिक्स. फोटो अडकतो त्या क्षणी कोण धापा टाकतंय?

डिस्क १०० टक्के असेल तर बहुधा प्रिव्ह्यू बनतायत, किंवा मेमरी संपून डिस्क वापरली जातेय. मेमरी काठोकाठ भरली असेल तर क्रोमच्या चाळीस टॅबपासून सुरुवात करा. प्रोसेसर वर आणि ग्राफिक्स कार्ड शून्यावर असेल तर ड्रायव्हर किंवा सेटिंगचा संशय घ्या. आणि चारही निवांत असूनही फोटो अडकत असेल, तर एखादा प्लगइन किंवा बिघडलेली सेटिंग फाइल.

एवढं केलंत की अर्धं निदान झालं.

[१०:३०] खरं उदाहरण: कराडचा स्टुडिओ

माझ्या मामेभावाचा कराडला स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळांचे ग्रुप फोटो. मे महिन्यात, ऐन सीझनमध्ये, त्याचा फोन आला.

“अगं, ते सॉफ्टवेअर अपडेट झालं आणि मशीन बसलंच बघ. रविवारी अल्बमचे फोटो द्यायचेत. दुकानवाला म्हणतोय लॅपटॉप बदला, पासष्ट हजारात बसवून देतो.”

मी म्हटलं, “दादा, दोन दिवस थांब. पैसे देऊ नकोस. आधी मला स्क्रीन दाखव.”

सॉफ्टवेअरचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण जे निघालं ते कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये निघू शकतं. लॅपटॉप साधारण चार वर्षांचा. १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एनव्हिडियाचं ४ जीबीचं कार्ड. म्हणजे टाकाऊ अजिबात नाही. आम्ही तीन आकडे घेतले. पुढचा फोटो उघडायला ६ सेकंद. स्लायडर सरकवल्यावर ४ सेकंद. २० फोटो एक्स्पोर्ट व्हायला ७ मिनिटं.

टास्क मॅनेजर उघडल्यावर पहिलं दिसलं की डिस्क सतत १०० टक्के. त्याच्या कॅटलॉगमध्ये तीन सीझनचे मिळून अडतीस हजारांच्या आसपास फोटो. अपडेटनंतर सगळ्यांचे प्रिव्ह्यू मागे नव्याने बनत होते. तो दर थोड्या वेळाने वैतागून लॅपटॉप बंद करायचा, त्यामुळे ते काम कधी संपतच नव्हतं. मी सांगितलं, “आज रात्री चार्जर लाव, स्लीप बंद कर आणि सॉफ्टवेअर उघडं ठेवून झोप.” सकाळी डिस्क शांत. पुढचा फोटो ३ सेकंदांवर आला. पण स्लायडर जिथल्या तिथे.

दुसरं, ग्राफिक्स. त्याच्या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स आहेत: प्रोसेसरसोबतचं इंटेलचं आणि वेगळं एनव्हिडियाचं. स्लायडर सरकवताना इंटेलचा आलेख वर जात होता आणि एनव्हिडियाचा शून्यावर झोपलेला. आत्ता सांगितलं ना, पत्ता बदलल्याचा प्रकार? तोच. विंडोजच्या सेटिंगमध्ये सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स इथे जुन्या आवृत्तीचं नाव होतं, नव्या आवृत्तीचं नव्हतंच. नवी फाइल तिथे जोडली, ‘हाय परफॉर्मन्स’ निवडलं, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं. स्लायडर लगेच हलायला लागला. दादा म्हणाला, “एवढंच?” म्हटलं, “थांब, अजून आहे.”

तिसरं, सी ड्राइव्हवर फक्त ११ जीबी जागा उरली होती. जुना कॅटलॉग, नवा कॅटलॉग, दोघांचे प्रिव्ह्यू, वर डाउनलोडमध्ये पडलेले सिनेमे. जुन्या कॅटलॉगची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर नेली, सिनेमे उडवले, ९० जीबी मोकळी झाली. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिण्याचा वेग पडतो, आणि एक्स्पोर्ट म्हणजे लिहिणंच.

शेवटचे आकडे: पुढचा फोटो दीड सेकंद, स्लायडर जवळपास लगेच, २० फोटोंचं एक्स्पोर्ट २ मिनिटं १० सेकंद. खर्च शून्य. रविवारी पार्टीला फोटो वेळेवर गेले.

नुसतं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं असतं तर यातलं काहीही सुटलं नसतं. प्रिव्ह्यू परत बनायला लागले असते, ग्राफिक्सची सेटिंग तशीच राहिली असती, डिस्क भरलेलीच असती. ‘रिइन्स्टॉल कर’ हा सल्ला म्हणूनच मी शेवटी ठेवते.

[१४:४०] तुमच्या मशीनवर या क्रमाने करा

क्रम महत्त्वाचा आहे. आधी ज्यात काही बिघडू शकत नाही अशी कामं, जोखमीची नंतर.

१. बॅकअप. कॅटलॉगची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. याआधी दुसरं काही नाही.

२. एक रात्र द्या. चार्जर लावून सॉफ्टवेअर उघडं ठेवा. लाइटरूम क्लासिकमध्ये वर डावीकडे नावाच्या पट्टीवर क्लिक केलं की मागे काय काय चाललंय ते दिसतं. चेहरे ओळखणं, पत्ते शोधणं असली कामं तिथून थांबवता येतात.

३. डिस्कवर जागा करा. माझा स्वतःचा नियम: निदान पाचवा हिस्सा रिकामा.

४. चार्जर आणि पॉवर मोड. बॅटरीवर लॅपटॉप मुद्दाम हळू चालतो. अपडेटच्या दिवशीच तुम्ही हॉलमध्ये सोफ्यावर बसून काम केलं असेल तर दोष सोफ्याचा आहे.

५. ग्राफिक्स ड्रायव्हर. कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या किंवा लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्या. एनव्हिडियाचे दोन प्रकार मिळतात, गेम रेडी आणि स्टुडिओ. एडिटिंगसाठी स्टुडिओ घ्या. ‘ड्रायव्हर फ्री अपडेटर’ नावाच्या भुरट्या ॲपच्या वाटेला जाऊ नका.

६. सॉफ्टवेअर कार्ड वापरतंय का? लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉप दोन्हीत प्रेफरन्सेसमध्ये परफॉर्मन्स इथे ग्राफिक्स प्रोसेसरची सेटिंग आहे. ती बंद करून एकदा मोजा, चालू करून एकदा मोजा. बंद केल्यावर वेग वाढला, तर घोळ ड्रायव्हर आणि कार्डाच्या बाजूला आहे. दोन ग्राफिक्स असतील तर विंडोजची सेटिंगही बघा, दादासारखी.

७. कॅशे. लाइटरूम क्लासिकमध्ये त्याच परफॉर्मन्स टॅबमध्ये कॅमेरा रॉ कॅशे आहे. तो एकदा पर्ज करा, म्हणजे जुना गाळ जाईल. मग एसएसडीवर जागा असेल तर आकार २० जीबीपर्यंत वाढवा. पर्ज केल्यावर पहिले काही फोटो हळूच उघडतील, त्याला घाबरू नका. कॅशे पर्ज केल्याने तुमचं एडिटिंग जात नाही, ते कॅटलॉगमध्ये असतं.

८. कॅटलॉग. फाइल मेनूत ऑप्टिमाइज कॅटलॉग आहे, ते चालवा. कॅटलॉग सेटिंग्जमध्ये ‘बदल आपोआप एक्सएमपीत लिहा’ चालू असेल तर बंद करून बघा, कारण प्रत्येक स्लायडरमागे डिस्कवर एक फाइल लिहिली जाते. आणि कॅटलॉग वनड्राइव्हमध्ये सिंक होणाऱ्या पिक्चर्स फोल्डरमध्ये आहे का तेही बघा. असेल तर प्रत्येक बदलामागे वनड्राइव्हही कामाला लागतं. सॉफ्टवेअर बंद करून तो सिंक न होणाऱ्या फोल्डरमध्ये हलवा.

९. फोटोशॉपवाल्यांसाठी. खालच्या स्टेटस पट्टीतल्या बाणावर क्लिक करून ‘एफिशिएन्सी’ निवडा. आकडा १०० च्या खाली जात असेल तर रॅम पुरत नाही आणि फोटोशॉप स्क्रॅच डिस्कवर काम करतंय. मग परफॉर्मन्समध्ये मेमरीचा वाटा बघा. सुरुवातीला तो ७० टक्के असतो. थोडा वाढवा, पण ८५ च्या वर नेऊ नका, नाहीतर विंडोजच उपाशी राहील. स्क्रॅच डिस्क सगळ्यात वेगवान आणि रिकाम्या ड्राइव्हवर ठेवा. हिस्टरी स्टेट्स मुळात ५० असतात, मोठ्या फाइलींसाठी २० पुरतात.

१०. प्लगइन. फोटोशॉप उघडताना शिफ्ट दाबून धरलं तर बाहेरचे प्लगइन न घेता उघडता येतं. तसं उघडून वेग परत आला, तर गुन्हेगार सापडला. त्या प्लगइनची नवी आवृत्ती शोधा.

११. प्रेफरन्सेस रिसेट. लाइटरूम क्लासिक उघडताना ऑल्ट आणि शिफ्ट, फोटोशॉप उघडताना ऑल्ट, कंट्रोल आणि शिफ्ट. मॅकवर ऑल्टच्या जागी ऑप्शन आणि कंट्रोलच्या जागी कमांड. तुमच्या आवडीच्या सेटिंग जातील, म्हणून आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

यातही भागलं नाही आणि काम अंगावर असेल, तर लाइटरूम क्लासिकमध्ये स्मार्ट प्रिव्ह्यूची सोय आहे. त्यात कमी पिक्सेलची हलकी प्रत बनते. परफॉर्मन्समध्ये ‘मूळ फोटोऐवजी स्मार्ट प्रिव्ह्यू वापरा’ असा पर्याय आहे, तो चालू करून एडिट करा. मूळ फाइल जोडलेली असेल तर एक्स्पोर्ट पूर्ण आकाराचंच होतं. जुन्या लॅपटॉपवर रंगकाम उरकायला ही युक्ती सोन्यासारखी आहे.

[१८:५०] फोनवर एडिट करणाऱ्यांसाठी

फोनची गोष्ट थोडी वेगळी आहे.

अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, फोन ॲप कसं वापरलं जातं ते बघतो आणि त्यातला नेहमी लागणारा भाग नंतर वेगवान स्वरूपात बदलून ठेवतो. हे काम कधी करतो? फोन चार्जिंगला लावलेला आणि रिकामा असताना. ॲप अपडेट झालं की ही मेहनत बरीचशी परत करावी लागते. म्हणून अपडेटनंतर पहिल्या दिवशी ॲप जड वाटलं तर लगेच रेटिंगला एक स्टार देऊ नका. रात्री चार्जिंगला लावा, सकाळी परत बघा. आयफोनवरही आयओएसच्या मोठ्या अपडेटनंतर फोटोंची छाननी मागे चालू असते. तिथेही हाच उपाय.

दुसरं, स्टोरेज. १२८ जीबीच्या फोनमध्ये २ जीबी उरली असेल तर कुठलंच एडिटिंग ॲप धड चालणार नाही. व्हॉट्सॲपवरच्या ‘शुभ सकाळ’ फोटोंपासून सुरुवात करा, पटकन जागा होते.

तिसरं, फार महत्त्वाचं. सेटिंग, ॲप्स, स्टोरेज इथे दोन बटणं शेजारी असतात: ‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’, काही फोनवर ‘क्लिअर स्टोरेज’. कॅशे बिनधास्त उडवा. डेटाला मात्र हात लावू नका. क्लाउडवर न चढलेलं एडिटिंग असेल तर ते कायमचं जाईल. ॲप काढून परत टाकलं तरी तसंच होऊ शकतं. आधी सगळं सिंक झालंय ना, ते बघा.

चौथं, उष्णता. फोन तापला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, नाहीतर तो जळेल. एप्रिल-मेमध्ये नागपूर किंवा जळगावला दुपारी उन्हात शूट करून तिथेच एडिट करायला बसलात तर नवा कोरा फोनही अडकेल. कव्हर काढा, सावलीत या, चार्जिंग काढा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत पाणी धरतं.

[२१:००] जुन्या आवृत्तीवर परत जायचं का?

सगळं करून झालं आणि नव्या आवृत्तीतच दोष आहे असं दिसलं, तर परत जाणं हा रास्त मार्ग आहे. क्रिएटिव्ह क्लाउड ॲपमधून लाइटरूम क्लासिक आणि फोटोशॉपच्या आधीच्या काही आवृत्त्या परत टाकता येतात.

पण एक अडचण लक्षात ठेवा. नव्या रचनेत बदललेला कॅटलॉग जुनी आवृत्ती उघडत नाही. जुनी आवृत्ती जुनाच कॅटलॉग उघडेल, आणि अपडेटनंतर केलेलं एडिटिंग त्यात नसेल. म्हणून हा निर्णय पहिल्या दोन दिवसांत घ्या. महिनाभर काम करून मग परत गेलात तर महिनाभराचं काम नव्या कॅटलॉगमध्ये अडकतं.

आणि पुढच्या वेळेसाठी तीन सवयी. ज्या सॉफ्टवेअरवर पैसे कमावता त्याचं ऑटो-अपडेट बंद ठेवा. ऑर्डर हातात असताना अपडेट करू नका, फोटो दिल्यावर करा. आणि अपडेटच्या आधी कॅटलॉगची प्रत काढून तारीख घालून ठेवा. अपडेट कधीच करू नका असं मी म्हणत नाहीये. सुरक्षेच्या दुरुस्त्या आणि नव्या कॅमेऱ्यांचा सपोर्ट त्यातूनच येतो. फक्त वेळ तुम्ही ठरवा.

[२२:२०] मग खर्च कधी करायचा?

काही वेळा खरंच करावा लागतो. मोजलेले आकडे सांगतील. रॅम ८ जीबी आहे, एकच सॉफ्टवेअर उघडं असताना ती पूर्ण भरते, आणि लॅपटॉपमध्ये रॅम वाढवता येते, तर रॅम घ्या. अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी घ्या, पैशाच्या मानाने सगळ्यात मोठा फरक तिथेच पडतो. तुमचं ग्राफिक्स कार्ड नव्या आवृत्तीच्या किमान अपेक्षेतच बसत नसेल, तर दोन वाटा: जुन्या आवृत्तीवर राहा किंवा मशीन बदला.

पण दुकानात जाताना तो कागद सोबत न्या. “डिस्क १०० टक्के असते, रॅम निम्मी रिकामी असते” असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी उगाच रॅम विकत नाही.

या आठवड्यात तुमच्या मशीनवर ती तीन कामं मोजून बघा. आधीचा आकडा, नंतरचा आकडा आणि कशाने फरक पडला, एवढं व्हॉइस नोटमध्ये पाठवा. निवडक नोट्स पुढच्या भागात ऐकवते. पुढचा विषय आहे फोटोंचा बॅकअप: तीन प्रती कुठे ठेवायच्या आणि त्यातली एक घराबाहेर का हवी. तोपर्यंत, कॅटलॉगची प्रत काढायला विसरू नका. भेटूया!